माहीत नसण्याचं शिक्षण : रेने फॉक्स आणि डॉक्टर घडण्याचा समाजशास्त्रीय शोध

डॉक्टर घडतो कसा, याचं उत्तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या वेळापत्रकात सापडतं असं आपण धरून चालतो. पहिल्या वर्षी शरीररचना, मग विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, मग वॉर्ड, शेवटी इंटर्नशिप. पण अठराव्या वर्षी डिसेक्शन हॉलमध्ये पाऊल टाकणारी मुलगी आणि दहा वर्षांनी नातेवाइकांच्या घोळक्यासमोर ‘चोवीस तास काही सांगता येणार नाही’ म्हणणारी डॉक्टर यांच्यामध्ये आणखी पुष्कळ काही घडलेलं असतं. भीती कशी गिळायची, पेशंटमध्ये किती गुंतायचं, चूक झाली तर कुणाला सांगायचं, न कळलेल्या गोष्टीबद्दल काय बोलायचं, हे कुठल्याही पेपरात विचारलं जात नाही; तरी प्रत्येक डॉक्टर ते शिकतो. हे न दिसणारं शिक्षण न्याहाळण्याचं काम वैद्यकीय समाजशास्त्रानं गेली सत्तर वर्षं केलं आहे, आणि त्याचा पाया घालणाऱ्यांमध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रेने फॉक्स (१९२८–२०२०) यांचं नाव अग्रभागी आहे.

त्यांच्या सहा दशकांच्या कामाचा धागा धरून या प्रश्नाचा आढावा घ्यायचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. वैद्यकशास्त्राच्या केंद्रस्थानी अनिश्चितता आहे. ती डॉक्टर आणि रुग्णानं मिळून पेलायला शिकणं हा वैद्यकीय शिक्षणाचा गाभा आहे, आणि आपल्याकडे नेमकं तेवढंच शिकवायचं राहून गेलं आहे.

वॉर्डात मुक्काम

फॉक्स यांचा आजाराशी पहिला संबंध अभ्यासक म्हणून आला नाही. स्मिथ कॉलेजात शिकत असताना, सतराव्या वर्षी त्यांना पोलिओ झाला. १९४९ मध्ये पदवी घेऊन त्या हार्वर्डला गेल्या, तेव्हा तिथे समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स आजाराचा विचार एका नव्या अंगानं मांडत होते. पार्सन्स यांच्या १९५१ च्या ‘द सोशल सिस्टिम’ या ग्रंथात आजारपण ही समाजानं ठरवून दिलेली एक भूमिका आहे, असं प्रतिपादन आहे. आजारी माणसाला कामातून सूट मिळते आणि आजाराबद्दल त्याला कुणी दोष देत नाही. त्या बदल्यात त्यानं बरं व्हायची इच्छा धरावी आणि जाणकाराकडे जावं, अशी अपेक्षा असते. मांडणी नेटकी होती, पण ती ताप, न्यूमोनिया यांसारख्या येऊन जाणाऱ्या दुखण्यांना बेतून केल्यासारखी होती. बरंच होणार नाही अशा आजाराचं काय?

पीएच. डी.साठी फॉक्स यांनी नेमकी अशीच जागा निवडली. बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात ‘एफ-सेकंड’ नावाचा पुरुषांचा १५ खाटांचा वॉर्ड होता. चयापचयाच्या आणि अंतःस्रावी ग्रंथींच्या दुर्धर विकारांवर तिथे संशोधन चाले. कॉर्टिझोन नुकतंच हाती आलं होतं, ॲड्रिनल ग्रंथी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया चालू होत्या, मूत्रपिंड बदलण्याचे प्रयोग होत होते. १९५४ च्या डिसेंबरात जुळ्या भावांमधलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण याच रुग्णालयात झालं. वॉर्डातले डॉक्टर एकाच वेळी उपचार करणारेही होते आणि प्रयोग करणारेही. समोरच्या माणसाला बरं करण्याचं साधन अनेकदा त्यांच्या हाती नव्हतं, आणि जे नवं करून पाहायचं ते त्याच्याच शरीरावर.

त्या वॉर्डात फॉक्स दीर्घकाळ वावरल्या आणि त्यांनी राऊंड, बैठका, गप्पा टिपल्या. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्स्पेरिमेंट पेरिलस’ या पुस्तकात हे सगळं आलं. डॉक्टर मृत्यूच्या छायेत वेडेवाकडे विनोद करतात आणि अमक्या उपचाराचा निकाल काय लागेल यावर आपसात पैज लावतात. वरवर पाहता हा निष्ठुरपणा वाटतो. फॉक्स यांना त्यात हतबलता सोसण्याची एक सामूहिक रीत दिसली, कारण पैज लावणारे तेच डॉक्टर पेशंटचे वाढदिवस लक्षात ठेवत, त्यांच्यासाठी नियम वाकवत. पेशंटही नुसते पडून नव्हते. जुना पेशंट नव्याला वॉर्डाची रीत समजावून देई. आपल्या आजाराबद्दल ते वैद्यकीय शब्दांत चर्चा करत आणि संशोधनात आपला वाटा आहे याचा अभिमान बाळगत. एकाच संकटाला दोन्ही बाजूंनी तोंड देणारी ही माणसं कळत-नकळत एकमेकांना आधार देत होती. पार्सन्स यांच्या आराखड्यात न बसणारी ही गोष्ट त्यांच्याच विद्यार्थिनीनं समोर आणली.

तीन प्रकारचं ‘माहीत नाही’

त्याच दशकात कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट मर्टन यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय शिक्षणाचा मोठा अभ्यास चालला होता. १९५७ साली त्यातून ‘द स्टुडंट-फिजिशियन’ हा ग्रंथ तयार झाला. त्यातलं फॉक्स यांचं प्रकरण न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवर आहे, आणि आजही या विषयावरच्या सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लिखाणांपैकी ते एक आहे.

विद्यार्थ्याला तीन प्रकारची अनिश्चितता भेटते, असं त्या दाखवतात. पहिली स्वतःच्या अपुऱ्या तयारीची. ज्ञानाचा डोंगर एवढा मोठा की कितीही रात्री जागवल्या तरी तो संपत नाही. दुसरी खुद्द शास्त्राच्या मर्यादेची. हे औषध काम का करतं, हा आजार याच माणसाला का झाला, याचं उत्तर सरांकडेही नसतं, पुस्तकातही नसतं. तिसरी या दोहोंतला फरक न कळण्याची, आणि सर्वांत जास्त छळणारी हीच. पेशंटच्या पोटावर हात ठेवून विद्यार्थी प्लीहा शोधतो. ती हाताला लागत नाही. ती वाढलेलीच नाही, की आपलाच हात अजून तयार नाही? शेजारचा मित्र ‘लागली, लागली’ म्हणतो, आणि हा गप्प राहून मान डोलावतो.

त्या मान डोलावण्यात एका डॉक्टरच्या पुढच्या चाळीस वर्षांची दिशा ठरू शकते. फॉक्स यांनी पाहिलेले विद्यार्थी हळूहळू सावरत. सोबतचेही तितकेच चाचपडताहेत हे कळलं की अपराधीपणा कमी होई. शवविच्छेदनाच्या वेळी, जाणत्या डॉक्टरांनाही मृत्यूची वेळ सांगता आली नव्हती आणि कधी कधी उघड्या देहासमोरही कारण नक्की होत नाही, हे डोळ्यांनी दिसे. मग शंका बोलून दाखवणं हाही कामाचाच भाग आहे, हे उमगे. काही जण मात्र दुसरी वाट धरत, म्हणजे मनात शंका असली तरी चेहऱ्यावर खात्री ठेवत.

१९६३ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ हॅरॉल्ड लीफ यांच्यासह फॉक्स यांनी आणखी एक कल्पना मांडली, अलिप्त आस्थेची. डॉक्टरला पेशंटबद्दल कळकळ हवी, पण हात थरथरेल इतकं गुंतूनही चालत नाही. हा तोल आधी डिसेक्शनच्या टेबलावर, मग शवागारात, मग जिवंत माणसाच्या तपासणीत टप्प्याटप्प्यानं शिकला जातो. प्रशिक्षण जसं पुढे सरकतं तसं अलिप्ततेचं पारडं जड होत जातं, हा त्यांचा इशारा होता.

मतभेद आणि भर

या मांडणीला लगेच प्रतिपक्ष उभा राहिला. हॉवर्ड बेकर, ब्लँश गीअर, एव्हरेट ह्यूज आणि अन्सेल्म स्ट्रॉस यांनी कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा अभ्यास करून १९६१ मध्ये ‘बॉइज इन व्हाइट’ लिहिलं. त्यांना मूल्यं आत्मसात करणारे तरुण डॉक्टर दिसले नाहीत. दिसली ती परीक्षेच्या ओझ्याखाली दबलेली पोरं. सरांना काय हवं आहे याचा अंदाज घ्यायचा, तेवढंच वाचायचं आणि ज्याच्यात ठळक शारीरिक बिघाड सापडत नाही असा पेशंट टाळायचा, ही त्यांची रीत. सेवेची भावना मरत नाही, पण ती पदवीनंतरसाठी बाजूला ठेवली जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आपल्याकडे पीजी-नीटच्या तयारीत वॉर्ड चुकवणाऱ्या इंटर्नना हे वर्णन परकं वाटणार नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोलवर जातो. डोनाल्ड लाइट आणि ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटकिन्सन यांनी असं दाखवलं की प्रशिक्षण अनिश्चिततेपेक्षा तिच्यावर ताबा मिळवण्याचं, किंबहुना खात्रीनं बोलण्याचंच असतं. केस प्रेझेंटेशनला अडखळलेल्या विद्यार्थ्याला ‘नक्की सांग’ असंच दटावलं जातं. माझ्या मते दोन्ही निरीक्षणं खरी आहेत. फॉक्स यांनी शक्यता पाहिली, टीकाकारांनी ती शक्यता कशी दडपली जाते ते पाहिलं.

पुढच्या पिढीनं यात मोलाची भर घातली. इलियट फ्रीडसन यांनी १९७० मध्ये वैद्यकीय पेशाच्या स्वायत्ततेची चिकित्सा केली. स्वतःवर स्वतःच देखरेख ठेवणारा पेशा आपल्या माणसांना सहसा जाब विचारत नाही, हे त्यांनी दाखवलं. चार्ल्स बॉस्क यांच्या १९७९ च्या पुस्तकात शस्त्रक्रिया विभागातल्या चुकांचा हिशोब आहे. हात चुकला तर ज्येष्ठ सर्जन माफ करतात, पण चूक लपवली किंवा कामात हयगय केली तर माफी नाही. फ्रेडरिक हॅफर्टी यांनी नव्वदच्या दशकात ‘छुपा अभ्यासक्रम’ ही संकल्पना रुजवली. कॉरिडॉरमध्ये, कॅन्टीनमध्ये, राऊंडवर सर पेशंटशी कसे वागतात यातून जे शिकलं जातं ते व्याख्यानापेक्षा पक्कं बसतं, असं ते म्हणतात. आर्थर क्लाइनमन यांनी १९८८ मध्ये, दीर्घ आजारी माणसाची स्वतःची कहाणी ऐकणं हाही उपचाराचाच भाग आहे, असं आग्रहानं सांगितलं.

दान, हृदय आणि थांबण्याचं धैर्य

१९६९ पासून १९९८ मध्ये निवृत्त होईपर्यंत फॉक्स फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवत होत्या. या काळात त्यांचा मोठा विषय झाला अवयव प्रत्यारोपण. ज्युडिथ स्वेझी यांच्यासह लिहिलेलं ‘द करेज टू फेल’ हे प्रत्यारोपण आणि डायलिसिस यांवरचं पुस्तक १९७४ साली आलं. सिएटलमध्ये १९६० च्या सुमारास डायलिसिस दीर्घकाळ करता येऊ लागलं, पण यंत्रं थोडी आणि रुग्ण अनेक. कुणाला जगवायचं ते ठरवायला नागरिकांची एक निनावी समिती नेमली गेली. तिनं नोकरी, मुलंबाळं, चर्चमधला वावर अशा गोष्टी तोलल्या. १९६२ मध्ये हे वर्तमान देशभर पोचलं तेव्हा खळबळ माजली. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारनं डायलिसिसचा खर्च उचलण्याचा कायदा केला, तो या वेदनेनंतर.

याच पुस्तकातला हृदय प्रत्यारोपणाचा भाग मुंबईशी जोडलेला आहे. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदय बदललं आणि जगभर चढाओढ सुरू झाली. फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केलं. असं करणारे ते जगातले चौथे शल्यचिकित्सक. पेशंट काही तासच जगला. १९६८ या एका वर्षात जगात शंभराहून अधिक हृदयं बदलली गेली, पण शरीर परकं हृदय स्वीकारेना आणि बहुतेक रुग्ण काही महिन्यांत दगावले. मग एकेक केंद्र थांबलं. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांच्यासारखे मोजके लोक चिकाटीनं काम करत राहिले, आणि ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन आल्यावर वाट पुन्हा खुली झाली. फॉक्स आणि स्वेझी यांचं लक्ष त्या थांबण्याकडे गेलं. पेशा स्वतःला कधी आवरतो? मृत्यूंचा आकडा, सहकाऱ्यांचा दबाव, लोकांची नाराजी आणि स्वतःची टोचणी यांचं वजन एकत्र पडतं तेव्हा. धाडसाइतकाच हा संयमही शास्त्राचा भाग आहे, हे त्यांनी ठासून सांगितलं.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांच्या दानविचाराचा आधार घेऊन त्यांनी दुसरी गोष्ट उलगडली. अवयव हे असं दान आहे की त्याची परतफेड अशक्य. देणारा आणि घेणारा त्या ऋणानं एकमेकांशी जखडले जातात आणि कधी कधी ते ऋणच जाचक होतं. आपल्याकडे १९९४ मध्ये मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, अवयव वाटपासाठी विभागीय समन्वय केंद्रं उभी राहिली. तरी जिवंत दात्यांमध्ये आया आणि बायका यांचंच प्रमाण फार मोठं आहे. आईनं किंवा पत्नीनं दिलेली किडनी घरात दान म्हणून मोजलीच जात नाही, ते तिचं कर्तव्य मानलं जातं. मॉस यांच्या सूत्रात न बसणारा हा प्रश्न महाराष्ट्रातल्या समाजशास्त्रज्ञानं हाती घ्यावा असा आहे.

१९९२ च्या ‘स्पेअर पार्ट्स’ मध्ये फॉक्स आणि स्वेझी यांनी जाहीरपणे या क्षेत्राचा निरोप घेतला. माणसाचे सुटे भाग बदलत राहण्याची आणि मृत्यू मान्यच न करण्याची ईर्षा त्यांना अस्वस्थ करत होती. कृत्रिम हृदयाच्या प्रयोगांत रुग्णांना काय सोसावं लागलं ते त्यांनी जवळून पाहिलं होतं. आयुष्यभर ज्या विषयात नाव कमावलं तो विषय, आता इथून पुढे आपल्याला पटत नाही म्हणून सोडणं, हे विद्याव्यवहारात दुर्मीळ आहे. त्यानंतरही त्यांचं क्षेत्रकार्य थांबलं नाही. २०१४ मध्ये, वयाच्या शहाऐंशीच्या घरात, डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स या संस्थेवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. दक्षिण आफ्रिकेतला एड्स, रशियातला क्षयरोग आणि मदत करणाऱ्यांच्या मनातली द्वंद्वं हे त्याचे विषय आहेत.

आपल्याकडे काय दिसतं

महाराष्ट्रात या प्रश्नांवर काम झालेलं नाही असं नाही. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉ. मुकुंद उपळेकर आणि त्यांचे सहकारी डी. एस. शेपर्ड यांनी मुंबईच्या झोपडपट्टी भागातल्या सुमारे १०० खासगी डॉक्टरांना क्षयरोगाचा उपचार लिहून द्यायला सांगितलं, तर ८० वेगवेगळ्या उपचारपद्धती पुढे आल्या. फॉक्स यांच्या भाषेत सांगायचं तर इथे शास्त्राला उत्तर ठाऊक होतं, डॉक्टरांना नव्हतं. आणि त्यांना ते ठाऊक नाही हे दाखवणारी कुठलीच व्यवस्था नव्हती. केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणारे डॉ. मनू कोठारी आणि डॉ. लोपा मेहता यांनी कर्करोगाच्या निमित्तानं वैद्यकाच्या मर्यादा निर्भीडपणे मांडल्या. मुंबईची ‘सेहत’ ही संस्था आणि मुंबईतूनच निघणारं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ यांनी रुग्णहक्क आणि वैद्यकीय नीतीचा प्रश्न लावून धरला. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून खासगी व्यवसायातल्या कट प्रॅक्टिसचं आणि नफ्याच्या दडपणाचं चित्र त्यांच्याच तोंडून मांडलं.

उणीव आहे ती वॉर्डात दीर्घकाळ राहून केलेल्या अभ्यासाची. दिल्लीच्या एम्सवर टी. एन. मदन यांनी १९८० मध्ये आणि ॲना रडक यांनी २०२१ मध्ये लिहिलं. डॉ. रवी बापट यांच्या ‘वॉर्ड नं. पाच, केईएम’ मुळे मराठी वाचकाला सरकारी रुग्णालयाचं अंतरंग कळलं, पण ते डॉक्टरच्या नजरेतून. ससून, मेयो, घाटी, केईएम अशा रुग्णालयांच्या वॉर्डांत वर्षभर वही घेऊन बसलेल्या समाजशास्त्रज्ञाचं मराठीतलं पुस्तक मात्र माझ्या वाचनात आलेलं नाही.

खुद्द अभ्यासक्रमात समाजशास्त्र येतं ते पीएसएमच्या, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या विषयात, ‘पार्क’ च्या जाडजूड पाठ्यपुस्तकातल्या एका प्रकरणापुरतं. व्हायव्हाच्या आदल्या रात्री ते वाचलं जातं. २०१९ पासून नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग आला, आणि मृतदेह हा पहिला शिक्षक आहे हे सांगणारा धडाही त्यात आहे. पाऊल योग्य आहे. पण हॅफर्टी यांचा इशारा लक्षात घ्यायला हवा. संवादाच्या तासाला मन लावून ऐकलेलं, सलग छत्तीस तास ड्युटी केलेल्या रेसिडेंटची ओपीडीतली खेकसणी पाहताना धुऊन जातं. त्या रेसिडेंटला दोष देऊन भागणार नाही. एका टेबलासमोर दीडशे केस पेपर असतील तर कुणाची आस्था टिकेल?

अनिश्चितता लपवण्याची किंमत आपण करोनाच्या साथीत चुकवली. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं रेमडेसिविर वापरू नये अशी शिफारस केली होती, तरी एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर नातेवाईक त्या इंजेक्शनसाठी मेडिकलसमोर रांगा लावून उभे होते, कुणी दागिने मोडून काळ्या बाजारात घेत होते. प्लाझ्माचा फायदा दिसत नाही हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीनं २०२० मध्येच सांगितलं, तरी तो मार्गदर्शक सूचनांतून गेला मे २०२१ मध्ये. चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर लबाड होते असं नाही. ‘याचा उपयोग होईलच असं नाही, आपण ऑक्सिजन आणि देखरेखीवर भर देऊ’ हे वाक्य ठामपणे उच्चारायला त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, आणि ते ऐकून घ्यायला आपल्यालाही.

डॉक्टरांवरील हल्ल्यांचं मूळही काही अंशी इथे आहे. २०१० मध्ये राज्यानं वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध कायदा केला. तरी मार्च २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला झालेल्या मारहाणीनंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. अपुऱ्या खाटा, अपुरे कर्मचारी ही कारणं उघड आहेत. पण दाखल करताना दिलेली किंवा गृहीत धरू दिलेली खात्री आणि पहाटे आलेली मृत्यूची बातमी यांच्यातलं अंतर हेही एक कारण आहे. कायद्यानं हात रोखता येतो, ते अंतर मिटवता येत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात पूर्ण वेळ समाजशास्त्रज्ञ असावा, आणि त्याचं बसणं पीएसएमच्या खोलीत नसून वॉर्डात असावं. विद्यापीठांच्या समाजशास्त्र विभागांनी रुग्णालयाला संशोधनाचं क्षेत्र मानावं, आणि रुग्णालयांनी बाहेरच्या माणसाच्या वहीला घाबरू नये. पीटर बेंट ब्रिगहॅमनं पंचविशीतल्या एका विद्यार्थिनीला आत येऊ दिलं, म्हणून जगभरच्या डॉक्टरांना स्वतःबद्दल काही कळलं. राऊंडवर ज्येष्ठ डॉक्टरनं विद्यार्थ्यांसमोर ‘हे मला माहीत नाही’ म्हणावं आणि ‘आता आपण काय करू या’ हे पेशंटला शेजारी धरून ठरवावं. हे रोज घडायला नवी इमारत लागत नाही, नवं यंत्रही लागत नाही. वरिष्ठांनी सुरुवात केली तर एका पिढीत आपली वैद्यकीय संस्कृती बदलू शकते.